पन्हाळ्यावर चार दिवसांचं घर

सुट्टीत कुठे जायचं हा प्रश्न आमच्यासारख्या मास्तरांच्या घरात दोन गोष्टींवर अडतो. एक पैसे आणि दुसरं जेवण. सहा माणसं, त्यात साखरेचा त्रास असलेले अब्बा, ज्यांना नाचणीची भाकरी वेळेवर लागते. हॉटेलात दोन खोल्या घ्यायच्या, सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत प्रत्येक घोटाचं बिल भरायचं, मटण हलाल आहे का हे वेटरला हळूच विचारायचं आणि त्याने "हो हो, आहे" म्हटलं की त्याच्या घाईवरूनच ओळखायचं की त्याला काही माहीत नाही. मग डाळ मागवायची. अम्मीला पाहिजे तेव्हा डोक्यावरचा पदर सैल करून बसता येत नाही. सुट्टी म्हणून गेलेलं माणूस चार दिवस पाहुण्यासारखं अंग चोरून राहतं.

म्हणून सुट्टीपुरतं भाड्याने मिळणारं घर हा प्रकार मला मनापासून आवडतो. त्यातही ते घर जुनं, लहान आणि इतिहासाच्या जागेतलं असेल तर फारच. गॅस, भांडी, पाटा-वरवंटा घराचा. तांदूळ, पिठाचा डबा आणि चटणीची बरणी आपली. (कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: इथे चटणी म्हणजे कांदा-लसणाचा तिखट मसाला. ती बरणी घेतल्याशिवाय आम्ही गाव सोडत नाही.)

हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. आपल्याकडे धर्मशाळेत उतरायची रीत हीच होती. छप्पर, विहीर आणि चुलीची जागा धर्मशाळेची, शिधा ज्याचा त्याचा. जोतिबाच्या यात्रेला जाणारी माणसं असोत की मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसाला जाणारी, गाडीत शिधा बांधूनच निघायची. सरायांचंही तेच. शेरशाह सुरीने 1540 ते 1545 या पाच वर्षांच्या राज्यात रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान मुसाफिरांची उतरायची सोय वेगवेगळी होती, आणि हिंदूंच्या अन्नपाण्यासाठी ब्राह्मण नेमलेले होते असं अब्बास सरवानीने लिहून ठेवलं आहे. आजच्या नजरेला ती वेगळी दालनं खटकतील. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चूल वेगळी असली तरी दार दोघांनाही उघडं होतं.

कोल्हापूरकरांसाठी असं चार दिवस राहण्याचं सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे पन्हाळा. इथून वीस किलोमीटर. आपल्यातले बहुतेक जण तिथे सकाळी जातात आणि संध्याकाळी परततात. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, झुणका-भाकर, फोटो, की वाघबीळचा घाट उतरून घरी. गड असा तीन तासांत कळत नाही. दुसरे किल्ले ओस पडलेत. पन्हाळ्यावर आजही लोक राहतात. नगरपरिषद आहे, शाळा आहे, 2011 च्या जनगणनेत जेमतेम तीन हजारांची वस्ती आहे, आणि तीत आपलीही माणसं आहेत. जांभ्या दगडाच्या भिंतींची कौलारू घरं अजून काही शिल्लक आहेत. अशा घरात रात्र काढली, पहाटे धुकं ओसरीपर्यंत आलेलं पाहिलं, की मुलांना इतिहासाच्या पुस्तकातला वेढा समजतो. 1660 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्महिने चालला होता. त्या गडावर किती पाणी मुरतं, कपडे किती दिवस वाळत नाहीत, लाकूड कसं पेटत नाही, हे जुलैमध्ये तिथे एकदा स्वयंपाक केल्याशिवाय कळायचं नाही. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या धान्याच्या कोठारांसमोर गाईड खंडींचे आकडे सांगतो. दोन किलो तांदूळ ओल धरू नयेत म्हणून धडपडलेल्या बाईला त्या जाड भिंतींची अक्कल जास्त कळते.

मी उर्दू शिकवतो म्हणून माझे पाय तीन दरवाज्याशी जास्त रेंगाळतात. तिथला फारसी शिलालेख मुलांना दाखवतो. "पप्पा, हे आपल्या पुस्तकातल्यासारखं दिसतंय," असं धाकटी म्हणाली होती. भोजराजा शिलाहाराचा गड, आदिलशाहीत बांधलेले दरवाजे, शिवाजी महाराजांनी जिंकलेला, ताराराणींनी राजधानी केलेला, 1729 मध्ये मोरोपंत जन्मले तो, आणि साधोबाची दर्गा व तलाव असलेला हा एकच गड आहे. यातलं एक पान फाडून दुसरं वाचता येत नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात पन्हाळा आहे. आनंदच झाला.

पण वारसा म्हणजे फक्त बुरूज आणि तटबंदी असं धरलं तर गडावरची लहान घरं जातील. जातायतच. कौलं काढून पत्रा येतो, पत्र्यावर स्लॅब येतो, स्लॅबवर पाण्याची काळी टाकी. मालकाला दोष देणं सोपं आहे. जुनं घर सांभाळायला दरवर्षी खर्च येतो, आणि त्या घरातून काही उत्पन्न नसेल तर तो कुठून करणार?

इंग्लंडमध्ये यावर एका दांपत्याने 1965 मध्ये उत्तर काढलं. जॉन आणि ख्रिस्तियन स्मिथ यांनी लँडमार्क ट्रस्ट नावाची संस्था काढली. पडायला आलेली लहान जुनी घरं, बुरूज, दरवाज्यावरच्या खोल्या ते घेतात, नीट दुरुस्त करतात आणि लोकांना सुट्टीसाठी भाड्याने देतात. आज त्यांच्याकडे सुमारे 200 इमारती आहेत. जेवण मिळत नाही, स्वयंपाकघर मिळतं. टीव्ही नाही. त्या जागेसंबंधीची पुस्तकं कपाटात असतात आणि एक वही असते, जिच्यात राहून गेलेली माणसं पुढच्यांसाठी लिहून ठेवतात. आलेलं भाडं घराच्या देखभालीला लागतं. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने अमेरिकेत व्हरमाँटला बांधलेलं घरही त्यांच्याच अमेरिकेतल्या भावंड संस्थेकडे आहे आणि भाड्याने मिळतं. घराचं नाव "नौलखा". गंमत अशी की किपलिंगच्या याच नावाच्या कादंबरीवर हा शब्द इंग्रजीत चुकीचा छापला गेला, घरावर मात्र बरोबर आहे. व्हरमाँटच्या बर्फात आपल्या नौलख्यात एखादं कुटुंब ऑम्लेट करून खातंय, हे चित्र मला उगाच सुखावतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत गडावरच्या एका जुन्या बंगल्यासाठी मी फोन केला. तारखा मोकळ्या होत्या. भाडं ठरलं. किती माणसं, गाडी कुठे लावायची, सगळं बोलून झालं. शेवटी त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. फोनवर थोडा वेळ काहीच आलं नाही. मग "घरच्यांना विचारून उद्या कळवतो." उद्या आला नाही. माझ्या शाळेतल्या सहकारी सरांनी त्याच तारखांसाठी फोन केला तर घर मोकळं होतं. सरांना माझ्यापेक्षा जास्त राग आला. त्यांनी कारण विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "सर, त्यांचं मटणबिटण असतं हो, आमचं घर शाकाहारी आहे."

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. घर शाकाहारी असेल तर ती अट मला मान्य आहे. एखाद्याच्या आजीने ज्या चुलीवर कधी अंडं चढू दिलं नाही, तिथे मी कोंबडी शिजवायचा हट्ट धरणार नाही. चार दिवस पिठलं, वांग्याचं भरीत आणि खर्डा खाऊन आमचं काही बिघडत नाही. घरी महिन्यातले निम्मे दिवस तेच असतं. पण मग ती अट आधी लिहा आणि सगळ्यांना लावा. माझ्या सरांना कोणी विचारलं नाही की तुम्ही मटण खाता का. ते तर दर रविवारी तांबडा-पांढरा करतात! कोल्हापुरात आडनावावरून शाकाहार ओळखणाऱ्या माणसाला माझा सलाम.

म्हणजे अट स्वयंपाकघराची नव्हती, नावाची होती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. हार्वर्डच्या तीन संशोधकांनी 2015 मध्ये अमेरिकेतल्या पाच शहरांत एअरबीएनबीवरच्या सुमारे 6,400 घरमालकांना सारख्याच चौकश्या पाठवल्या, फक्त नावं बदलून. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना 50 टक्के होकार आले, काळ्या वाटणाऱ्या नावांना 42 टक्के. मोजून दाखवल्यावर त्या कंपनीला भेदभावाविरुद्ध नियम करावे लागले. आपल्याकडे हे मोजलं जात नाही, "उद्या कळवतो" मध्ये विरून जातं.

आणि आपल्या जिल्ह्यात ही शांतता अलीकडे लांबत चालली आहे. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात मशिदीची आणि घरांची तोडफोड झाली. पन्हाळ्याहून निघून महाराज ज्या वाटेने विशाळगडाला गेले, तीच ही वाट. पावनखिंड तिथून जवळच. दरवर्षी जुलैत हजारो तरुण ती वाट चालतात आणि वाटेवरच्या वाड्यांमध्ये लोकांच्या घरांत मुक्काम करतात. कुणाच्याही घरात, कुणाच्याही चुलीजवळ ओले कपडे वाळवतात. ते पाहिलं की वाटतं, पाहुणचार या मुलखाच्या हाडात आहे. त्याला नावं गाळायची सवय नंतर लागली.

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, जात यावरून कुणालाही अडवता येणार नाही असं स्वच्छ लिहिलं आहे, आणि हे बंधन खासगी मालकावरही आहे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या "दुकान" या शब्दाचा अर्थ व्यापक घेतला, पैसे घेऊन सेवा देणाऱ्यांपर्यंत. जाहिरात करून रोजच्या भाड्याने दिलेलं घर माझ्या मते याच कक्षेत बसतं. तुम्ही स्वतः राहता त्या घरात कुणाला घ्यायचं हा तुमचा प्रश्न. धंद्याला लावलेल्या घराचं दार मात्र धंद्याचं असतं. कोल्हापूरला तर हे शिकवायची गरजच पडू नये. शाहू महाराजांनी 1919 मध्येच हुकूम काढून विहिरी, धर्मशाळा अशा सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या, आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला होता. हुकूम पुरत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून तो चहा.

पण नुसतं दुसऱ्याकडे बोट दाखवून हा लेख संपवणं मला जमणार नाही. आपल्या लोकांकडे काय आहे ते बघा. मंडणगड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, राजापूर या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची शंभर-शंभर वर्षांची घरं कुलूप लावून पडली आहेत. सागवानी खांब, रुंद ओटी, माजघर, मागे विहीर आणि नारळ. मालक कुवेतला, दुबईला, काही तर केपटाऊनला. वर्षातून एकदा लग्नाला दार उघडतं. वाळवी मात्र बाराही महिने घरातच असते. भाड्याने द्या म्हटलं की उत्तर तयार: "बाहेरचे लोक येतील, दारू पितील, घराची बदनामी." मग लिहा ना, दारू चालणार नाही. सगळ्यांसाठी लिहा. शाकाहारी मालकाने "मांसाहार नाही" लिहावं, आपण "दारू नाही" लिहावं, आणि ते मान्य करणारा कुणीही येऊ दे. "फक्त आपल्यातलेच" असं आपणही म्हणणार असू, तर त्या बंगलेवाल्याला मी काय तोंडाने विचारू? मेहमानाचा तीन दिवसांचा हक्क आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि त्यात मेहमान कोण हे कुठे सांगितलेलं नाही.

सरकारनेही थोडं करावं. पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारी आणि होमस्टेची नोंदणी होतेच. त्याच अर्जात घराच्या अटी आधी लिहून जाहीर करायची सक्ती हवी, आणि तारीख मोकळी असताना अटी मान्य करणाऱ्याला नाकारलं तर लेखी कारण द्यायची. पन्हाळा नगरपरिषदेने आपल्या जुन्या घरांची यादी करावी आणि जो मालक कौलं, जांभा आणि लाकूड राखून घर भाड्याने देईल त्याला घरपट्टीत सूट द्यावी. स्लॅबपेक्षा कौल फायद्याचं ठरलं तरच कौल राहील.

माझ्या मावसभावाचं दापोलीजवळचं आजोळचं घर येत्या मे महिन्यापासून असं द्यायचं ठरलंय. तो कुवेतहून फोनवर रोज नवीन शंका काढतो, पण तयार आहे. भिंतीवर लावायचा अटींचा कागद मी मराठीत आणि उर्दूत लिहून दिला आहे. दारू नाही. विहिरीवर मुलांना एकटं सोडू नका. मासे साफ करायचे तर मागच्या पडवीत. रविवारचा बाजार कुठे भरतो, मासे कुणाकडे चांगले मिळतात. भांडी मोजून दिली जातील. पाटा जड आहे, तो हलवू नका. नावासाठी एक वही ठेवली आहे. नाव जाताना लिहायचं.