श्लोकाचा आधार, पुडीचा व्यापार

वनौषधी म्हणजे निरुपद्रवी, हा भ्रम पसरवणाऱ्यांनी मेक्सिकोचा इतिहास पाहावा. ज्या गर्भनिरोधक गोळीची ‘पाश्चात्त्य रसायन’ म्हणून हेटाळणी होते, तिचा नॉरएथिस्टेरॉन हा आद्य घटक १९५१ मध्ये तेथील रानकंदातील डायोस्जेनिनपासूनच सिद्ध झाला. मूळ वनस्पतीचे, रक्तात गुठळ्या होण्याचा गोळीचा धोका मात्र त्यामुळे टळला नाही. तो उघड झाला अभ्यासांमुळेच!

आपल्याकडे पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार यांचा गर्भरोधक योग ‘भावप्रकाशा’त आहे. (टाकणखार तर वनस्पतीही नव्हे!) त्या श्लोकाच्या आधारे पुड्या विकणाऱ्यांनी एवढेच सांगावे : औषध थांबवल्यावर स्त्रीची प्रजननक्षमता कधी परतते? तरीही गर्भ राहिला, तर त्याला अपाय होतो काय? उत्तर नसेल, तर विश्वासाने पुडी घेणाऱ्या भगिनीच्या देहावर तिच्या संमतीवाचून प्रयोग चालला आहे.