मजुरीचा रकाना

दर आठवड्याला या पानावर शब्दांची कुळे आणि मुळे धुंडाळणारा हा मास्तर ऐन दिवाळीत जमाखर्चाची वही उघडून का बसला, असे वाचकांना वाटेल. वाटणे साहजिक आहे. लक्ष्मीपूजनाला वही पुजावी इतका माझा व्यवहार नाही. पगार पहिल्या तारखेला येतो आणि पंधरा तारखेपर्यंत तो कुठे गेला याचा तपास करणारे खाते आमच्या घरात निराळे आहे. पण यंदा हिशेब तपासण्याची पाळी माझ्यावर आली, आणि ती आणली माझ्या भाच्याने.

नवरात्राच्या आगेमागे एका रविवारी तो यवतमाळला आला. मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. त्या गठ्ठ्यावरच त्याने एक वस्तू आणून ठेवली. पानाच्या डब्याच्या निम्म्याने असेल. हिरवे प्लॅस्टिक, वर पोस्टाची दोन तिकिटे जोडून लावावीत एवढा पडदा, डाव्या अंगाला चार बटणे, उजव्या अंगाला दोन. एक बटण दाबले तर पडद्यावर रेघा उमटल्या आणि मी चकित झालो. ती वाघबकरी होती!

आमच्या लहानपणी शेताच्या धुऱ्यावर, सपाट दगडावर कोळशाने रेघा ओढून हा खेळ चाले. वाघ म्हणजे मोठे खडे, बकऱ्या म्हणजे तुरीचे दाणे. भांडवल शून्य. बकरी हरवली तर दुसरी खिशातून काढायची. येथे वाघ यंत्राच्या पोटात बसून स्वतः विचार करत होता आणि चार मिनिटांत त्याने माझ्या तीन बकऱ्या खाल्ल्या. उत्तरपत्रिका बाजूला पडल्या हे सांगायला नकोच.

भाचा चोविसातला. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली आहे, दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो आणि रात्री हे उद्योग करतो. गेल्या वर्षी त्याने असे पन्नास नग बनवले. त्यासाठीचे पैसे दिले माझ्या ताईने. दारव्हा तालुक्यात त्यांचे कोरडवाहू शेत आहे. तिथल्या सुमारे दहा क्विंटल कापसाचे पैसे त्या हिरव्या डब्यांत गेले. आता त्याला दोनशे नग बनवायचे होते आणि त्यासाठी मामाकडून एक लाख रुपये हवे होते. सोबत छापील हिशेब आणला होता.

"मामा, एका नगाले बाराशे वीस लागते. सोळाशेले विकला. तीनशे ऐंशी सुटते."

हिशेब चोख होता. चिप बसवलेला बोर्ड ३८० रुपये, पडदा २९०, बॅटरी २१०, चार्जिंगचा भाग, भोंगा आणि बटणे मिळून ९०, सर्किट बोर्ड ८०, थ्रीडी प्रिंटरवर काढलेली पेटी ११०, स्क्रू आणि वरचे खोके ६०. एकूण १,२२०. नफा खर्चावर शेकडा एकतीस! (किमतीवर काढला तर तोच नफा शेकडा चोवीसही भरत नाही, पण उत्साही माणूस टक्का नेहमी लहान आकड्यावर काढतो.)

"म्हणजे पन्नासांचे एकोणीस हजार. कुठे आहेत?"

"ते नाई सुटले," तो म्हणाला. "पन आता सुटतीन."

मग मी लाल पेन उचलले. माझ्याजवळ तेवढे एकच हत्यार आहे. दोन तास उलटतपासणी घेतली, तेव्हा जे बाहेर आले ते असे. पन्नासांतले तीन नग बिघडलेल्यांच्या बदली द्यावे लागले, तीन मित्रांना आणि गुरुजनांना भेट गेले (त्यांतला एक माझ्या हातात होता), विकले गेले चव्वेचाळीस. जमा ७०,४००. खर्चात पन्नास नगांचे ६१,००० तर होतेच. त्याआधी तीन वेळा नमुना बनवून मोडला, त्याचे ७,८००. सर्किट बोर्डाची पहिली खेप आली ती बॅटरीची जोडणी उलटी छापून. चूक याचीच होती, आणि पन्नासच्या पन्नास बोर्ड कचऱ्यात, ४,००० रुपये. चार पडदे लावताना तडकले, १,१६०. विक्री घरपोच म्हणून केली होती, तेव्हा कुरियरचे नगामागे ८५ प्रमाणे ३,७४०. बेरीज ७७,७००. म्हणजे एकोणीस हजार सुटण्याऐवजी ७,३०० पदरचे गेले.

त्याच्या कागदावर यातले काही नव्हते. त्याचे म्हणणे असे की, हे सगळे 'एकदाचे' खर्च आहेत, नगाचा खर्च नव्हे. वाचकहो, संसारातले सगळेच खर्च एकदाचे असतात. फक्त ते दर महिन्याला येतात.

पण मला खटकला तो याहून निराळाच मुद्दा. मी विचारले, "एक नग जोडायला वेळ किती लागतो?" तो म्हणाला, सोल्डरिंग, जुळणी, तपासणी, खोक्यात भरणे, सारे धरून चार तास. ताशी शंभर रुपये धरा; मोबाइल दुरुस्त करताना तो त्याहून कमी मिळवत नाही. चार तासांचे चारशे झाले. सुटणार होते तीनशे ऐंशी! म्हणजे एकही बोर्ड उलटा छापला गेला नसता, एकही पडदा तडकला नसता, तरी दर नगामागे तो वीस रुपये घालून लोकांना वाघबकरी खेळवीत होता. आणि खेळाचा प्रोग्रॅम लिहिण्यात सहा महिने रात्री जागवल्या, त्या तर अजून मोजल्याच नाहीत.

"माह्या मेहनतीचे पैसे कायले धरायचे मामा? ते तं घरचंच हाये."

हे वाक्य मी यापूर्वी ऐकले होते. आमचे वडील कापूस पिकवीत आणि त्यांचीही एक वही होती. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, गाडीभाडे, सगळे सुवाच्य अक्षरात. दिवाळीनंतर वेचणीला बाया लागत आणि किलोवर त्यांची मजुरी पडे. त्यांच्याच ओळीत कमरेला ओटी बांधून आमची आई असे. बायांनी वेचलेला कापूस वहीत खर्च म्हणून लिहिला जाई. आईने वेचलेला त्याच झाडांचा, त्याच दिवसाचा कापूस फुकट येई. वर्षअखेर वहीत चार पैसे नफा दिसे. तो नफा म्हणजे आईची न दिलेली मजुरी होती, हे कळायला मला एम. ए. होऊन वर पुष्कळ वर्षे जावी लागली.

सरकारला हे आमच्या आधी कळले आहे. शेतमालाच्या हमीभावाची शिफारस करणारा कृषी मूल्य आयोग खर्चाचे तीन थर मोजतो. रोख आणि वस्तूंच्या रूपाने प्रत्यक्ष केलेला खर्च तो ए-टू. त्यात घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत मिळवली की ए-टू अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलाचे व्याजही धरले की सी-टू. २०१८-१९ पासून हमीभाव ए-टू अधिक एफएलच्या किमान दीडपट ठेवण्याचे धोरण आहे. शेतकरी संघटना म्हणतात, दीडपट सी-टूची हवी. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल असा भाव जाहीर झाला तो याच गणिताने. भाव पुरतो की नाही हा वाद मोठा आहे आणि तो या पानावर मिटणार नाही. पण त्या वादात निदान घरच्या मजुरीला एक रकाना आहे. माझ्या भाच्याच्या कागदावर तोही नव्हता.

"म्हनूनच तं दोनशे करतो," तो म्हणाला. "जास्त नग केले का स्वस्त पडते."

हे अर्धे खरे आहे. प्रिंटरवर एक पेटी निघायला काही तास लागतात. साच्यात तीच पेटी क्षणात निघते आणि काही रुपयांत पडते. मात्र आधी साचा हवा. समजा, साच्याला दोन लाख लागले. वीस हजार नग काढले तर नगामागे साच्याचे दहा रुपये पडतात. दोनशे काढले तर एक हजार, पन्नास काढले तर चार हजार! छोट्या उत्पादकाला साचा परवडत नाही, आणि साचा नाही म्हणून तो छोटाच राहतो. मधल्या ओढ्यावर पूल नाही.

आणि पलीकडे गेलेल्यांचेही सगळे आलबेल असते असे नाही. अमेरिकेत पोर्टलंड शहरी पॅनिक नावाची एक लहानशी कंपनी आहे. मूळची संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी. तिने प्लेडेट नावाचे खिशात मावणारे खेळयंत्र काढले. पडदा काळापांढरा, आणि बाजूला चक्क फिरवायची दांडी. २९ जुलै २०२१ रोजी १७९ डॉलर किमतीला नोंदणी उघडली आणि पहिले वीस हजार नग वीस मिनिटांच्या आत संपले. भाच्याने हे मला रामरक्षेसारखे म्हणून दाखवले. पुढचे मी त्याच्याकडून काढून घेतले. मलेशियातल्या कारखान्यातून पहिले पाच हजार नग आले, तेव्हा बॅटऱ्या दगा देत आहेत असे आढळले. सगळे नग परत कारखान्यात पाठवून बॅटऱ्या बदलाव्या लागल्या. पुढच्या खेपेसाठी चिप मागितली, तर दोन वर्षे मिळणार नाही असे उत्तर आले. म्हणून दुसरी चिप घालून आतला बोर्डच नव्याने आखावा लागला. गिऱ्हाइकांच्या हाती यंत्र पडू लागले ते २०२२ च्या एप्रिलमध्ये, आणि वर्षभराने किंमत १९९ डॉलर करावी लागली, कारण खर्च वाढला. वीस मिनिटांच्या यशाची ही उत्तरपूजा. उलटी छापलेली बॅटरी दारव्ह्यातच असते असे नाही, एवढे ऐकून भाच्याला जरा धीर आला.

या धंद्यातला खरा गुरू जपानी होता. गुनपेई योकोई. १९८९ साली त्याने गेम बॉय काढला तेव्हा रंगीत पडदे निघाले होते. प्रतिस्पर्ध्यांनी ते वापरले आणि त्यांच्या यंत्रांना सहा सहा सेल लागू लागले. योकोईने जुना, स्वस्त, हिरवट करडा पडदा घेतला. चार सेलवर यंत्र तासन्‌तास चाले. नव्या तंत्राच्या मागे धावण्यापेक्षा जुन्या, मुरलेल्या, स्वस्त झालेल्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा हे त्याचे सूत्र. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून पावणेबारा कोटींच्या वर नग खपले. हे सूत्र आमच्या वऱ्हाडातल्या कोणत्याही सुगरणीला ठाऊक आहे. शिळ्या भाकरीचा कुस्करा ती त्यावरच करते.

योकोई ज्या निन्टेंडो कंपनीत होता ती १८८९ साली क्योटोत सुरू झाली हाताने पत्ते बनवण्यासाठी, हे वाचून मला सावंतवाडी आठवली. तेथील गंजिफा आपल्याकडचा हातातला खेळच. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, म्हणजे एकशेवीस वाटोळी पाने, आणि प्रत्येक पान हाताने रंगवलेले. तेही छोट्या खेपेचेच उत्पादन. ती कला बुडत चालली होती. राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात कारागीर बसवून जगवली. गंजिफेचा डाव मांडणारे आता फार थोडे उरले आहेत, पण संच घेणारे आहेत आणि ते पैसे देतात. कारण रंगवणारा हात त्यांना दिसतो. किंमत उघड उघड मजुरीची आहे. भाच्याच्या डब्यात तोच हात स्क्रूच्या आड बंद झालेला.

"मग झाकन पारदर्शक करू का?" भाच्याने विचारले. पोरगा हुशार आहे, यात शंका नाही.

मी त्याला नवा हिशेब करायला बसवले. दोनशेचा नव्हे, शंभराचा. सुटे भाग ठोक घेतल्याने १,१५०, फूटतूट आणि बदलीचे नग यांसाठी १००, कुरियर ८५, नमुन्यांच्या खर्चाचा वाटा १००, आणि आता हात बसला आहे म्हणून तीन तासांची मजुरी ३००. झाले १,७३५. विक्री २,२००. त्यांतले अर्धे नोंदणीच्या वेळी आगाऊ, म्हणजे सुट्या भागांचे पैसे जवळजवळ तेथेच येतात आणि मामाचा लाख लागत नाही.

"बावीसशेले कोन घेईन मामा?"

"विचार की."

जुन्या चव्वेचाळीस गिऱ्हाइकांना त्याने पत्रे पाठवली. हा मजकूर छापायला देईपर्यंत सव्वीस जणांचे आगाऊ पैसे आले आहेत. सव्वीस म्हणजे शंभर नव्हेत. पण मागच्या खेपेला आधी कोणी एक पैसाही दिला नव्हता.

पक्का कागद घेऊन तो ताईसह पुन्हा आला. मी मजुरीचा रकाना पाहिला, तर त्यात दोन ओळी होत्या. पहिली 'मी'. दुसरी 'आई'. मी विचारले तेव्हा समजले की, गेल्या खेपेला पन्नास नगांचे स्क्रू ताईने बसवले होते, खोकी तिने भरली होती, वर पत्ते चिकटवले होते. तेही निंदणातून आल्यावर, दिव्याजवळ बसून. आमच्या दोन तासांच्या उलटतपासणीत हे माझ्या लाल पेनातूनही निसटले होते.

ताईने चष्मा लावून कागद वाचला. "घरच्या कामाचे कायले पैसे लिवले रे?" ती म्हणाली, आणि ती ओळ खोडायला तिने माझे पेन उचलले. भाच्याने कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.

मी चेक लिहून दिला. रक्कम येथे लिहीत नाही. हा अंक आमच्या घरी सर्वांत आधी कोणाच्या हाती पडतो, हे या पानाच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.