व्हॉल्व्हचा टीव्ही: शिकवावा जरूर, उघडू मात्र नये

शिक्षक मित्रांनो, व्हॉल्व्हच्या जुन्या टीव्हीत वीज कशी फिरायची, हे दहावीच्या वर्गात सांगावं असं माझं ठाम मत आहे. पण प्रदर्शनासाठी माळ्यावरचा टीव्ही मुलांच्या हाती देऊन ‘उघडून बघा रे’ म्हणू नये, हेही तितकंच ठाम मत आहे.

एकसर जोडणी म्हटलं की आपण दिव्यांची माळ सांगतो आणि पुढे सरकतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या काळातल्या अनेक संचांत अशीच माळ होती. रोहित्राचं वजन आणि खर्च वाचावा म्हणून व्हॉल्व्हचे तापक, म्हणजे आतल्या तारा, एकामागे एक जोडून थेट घरच्या विजेवर टाकत. पीएल ३६ ला २५ व्होल्ट, पीसीएल ८२ ला १६, ईएफ ८० ला ६.३. व्होल्ट वेगळे, पण धारा सगळ्यांतून एकच, ०.३ अँपिअर! उरलेले व्होल्ट एका मोठ्या रोधावर पडत. एक तापक तुटला की सगळेच विझत. आता मुलांना गणित घाला: २३० गुणिले ०.३ किती? ६९ वॅट. एवढी वीज नुसत्या या माळेत जायची.

पण वाचवलेल्या रोहित्राची किंमत सुरक्षिततेत मोजावी लागे. विजेची एक तार थेट चेसिसला जोडलेली असे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला, की अख्खं चेसिस फेजवर!

चित्रनळीला लागणारे हजारो व्होल्ट तर वेगळेच तयार होत. ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला १५,६२५ वेळा किरण मागे फिरतो. त्या प्रत्येक परतीच्या झटक्यातून एक छोटं रोहित्र दहा हजारांहून जास्त व्होल्ट काढतं. चित्रनळीच्या काचेला आतून-बाहेरून वाहक लेप असतो, त्यामुळे ती नळी स्वतःच धारित्र बनते. प्लग काढला तरी हा भार लगेच जातोच असं नाही. व्हॉल्व्ह नसलेल्या, पण चित्रनळी असलेल्या जुन्या टीव्हीलाही हे लागू आहे.

म्हणून पालकहो, टीव्हीचं मागचं झाकण मुलांना काढू देऊ नका. आणि आपण शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढावी, बॅटरी आणि छोट्या दिव्यांची माळ करून दाखवावी. त्यातला एक दिवा मुलांनाच काढू द्या. बाकीचे का विझले, ते तीच सांगतील.