मामांची पद्मिनी



मुंबईच्या रस्त्यांवर अधूनमधून जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. रोल्स-रॉईस, ब्यूक, पॅकार्ड अशा झकपक गाड्या पाहायला गर्दी होते. अमुक गाडी अमक्या संस्थानिकाची, तमुक गाडी तमक्या शेठजीची, असे अभिमानाने सांगितले जाते. ती कोणत्या कामगाराने जोडली, कोणी रंगवली, रोज पहाटे फडके मारून कोणी पुसली, हे मात्र कोणी सांगत नाही. आज आम्ही ज्या गाडीविषयी लिहीत आहोत ती कोणा राजाची नाही. ती आमच्या थोरल्या मामांची आहे, आणि मामा कारखान्यात रंगारी होते.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७४ चे मॉडेल. इटलीच्या फियाट कंपनीची '११००' ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनत असे. तिलाच १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की हीच डोळ्यांपुढे येते. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. मामांची गाडी मात्र खासगी, पांढऱ्या रंगाची.

मामा १९६८ साली सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले आणि मोटार कारखान्याच्या रंगखात्यात लागले. तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्या. निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशातून आधी कल्याणच्या बैठ्या घरावर पत्रे घातले, मुलीचे लग्न केले आणि उरलेल्यातून ही चौथ्या हाताची गाडी घेतली. त्या दिवशी मामी म्हणाल्या होत्या, "आयुष्यभर घासली, आता बसून तरी बघा." १९९९ साली याच गाडीतून आम्ही सहाजण नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. वाटेत दर तासाला रेडिएटरमध्ये पाणी ओतावे लागे. वस्तीतल्या किती बाळंतिणी या गाडीतून दवाखान्यात गेल्या, त्याची मोजदाद नाही. मामांनी कोणाकडून पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत.

२०१० साली मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. गाडी अंगणात उभी राहिली ती राहिलीच. बारा पावसाळे तिने अंगावर घेतले. टायर बसले, तळाचा पत्रा सडला, बॉनेटखाली उंदरांनी घर केले.

२०२२ मध्ये मामेभावाने गाडी भंगारात काढायचे ठरवले. भंगारवाल्याने सोळा हजार सांगितले होते. मामेभावाची थोरली लेक तेव्हा आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स पूर्ण करून शिकाऊ उमेदवार म्हणून लागली होती. ती म्हणाली, "आबांची गाडी मी घरीच दुरुस्त करीन." घरात वाद पेटला. आम्ही हिशेबातले माणूस, म्हणून निवाड्याला आम्हाला बोलावणे आले.

कबूल करतो, आम्ही पहिला निवाडा भंगारवाल्याच्या बाजूने दिला. कागदावर आकडे मांडले आणि सांगितले, "पोरी, या गाडीला पन्नास हजार लागतील आणि विकायला गेलीस तर तेवढेही येणार नाहीत." ती म्हणाली, "काका, विकायची आहे असं कोणी म्हटलं?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

विहारातही हा विषय निघाला. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "सर्व संस्कार अनित्य आहेत. लोखंड गंजणारच. मोह सोडा." बोलणे खोटे नव्हते. पण तथागतांनी अखेरच्या उपदेशात सर्व काही नाशवंत आहे एवढेच सांगितले नाही, अप्रमादाने आपले कार्य साधा, असेही सांगितले. नाशवंत आहे म्हणून हयगय करावी, असा त्याचा अर्थ होत नाही. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आपल्या माणसांनी जपून ठेवल्या. त्यांकडे पाहून आपल्या मुलांना बळ मिळते. त्या जपण्याला मोह कोण म्हणेल?

शेवटी तीन अटींवर मान्यता दिली. कर्ज काढायचे नाही. महिन्याला अडीच हजारांच्या वर खर्च करायचा नाही. आणि काम फक्त रविवारी आणि सुटीच्या दिवशी, नोकरी बुडवून नाही. अडीच हजारांपैकी एक हजार पोरीच्या विद्यावेतनातून, एक हजार मामेभावाचे आणि पाचशे आमचे. हिशेबाची वही आमच्याकडे.

पहिल्या रविवारी तिने एकही पाना हातात घेतला नाही. फक्त फोटो काढले. कोणती वायर कुठे जाते, कोणता पाइप कशाखालून जातो, सगळे टिपले. पुढे जो नट निघेल तो डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. मामींचे लोणच्याचे रिकामे डबे संपले, तेव्हा शेजारणींनी दिले. आम्हाला कार्यालयातील फायलींची आठवण झाली. खोलताना नोंद ठेवली नाही तर जोडताना माणूस रडतो, हे दोन्हीकडे खरे.

इंजिन जाम होते. एखाद्याने बॅटरी लावून सेल मारला असता आणि होते तेही मोडले असते. तिने चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडे ऑइल सोडले आणि आठ दिवस तसेच ठेवले. मग पुढच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवले. दुसऱ्या आठवड्यात हलले, तिसऱ्याला पूर्ण फेरा झाला. कार्बोरेटर खोलून धुतला, डेल्कोतले पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, उंदरांनी खाल्लेल्या वायरी नव्या टाकल्या. ब्रेकचे चारही सिलिंडर गंजले होते. ते मिळवायला कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत तीन रविवार गेले. तिचा नियम एकच होता: गाडी चालू होण्याआधी ती थांबली पाहिजे. म्हणून ब्रेक पहिले, इंजिन नंतर. तळाचा सडका पत्रा कापून नवा लावायचे काम मात्र तिने ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतले. आपल्याला काय येत नाही हे कळणे, हीसुद्धा विद्याच आहे.

मग रंगाची वेळ आली, आणि इथे जे घडले त्यासाठीच हा लेख.

दरवाजाचे पोचे काढून, पुट्टी भरून, घासून तिने राखाडी प्रायमर मारला. आम्हाला तो आरशासारखा सपाट दिसला. मामांना खुर्चीत बसवून अंगणात आणले होते. त्यांनी डाव्या हाताने खूण केली, जवळ न्या. डावा तळवा दरवाजावर ठेवला, डोळे मिटले आणि हात सावकाश मागून पुढे नेला. एका जागी थांबले. पुन्हा मागे गेले. मग बोटांनी काहीतरी मागू लागले. पोरीला कळले, तिने पेन्सिल दिली. थरथरत्या हाताने मामांनी दरवाजावर एक वेडावाकडा गोल काढला. थोड्या वेळाने दुसरा. असे पाच गोल.

पोरीने ओले फडके फिरवून उन्हात तिरके पाहिले. त्या पाचही जागी पत्र्यात लहर होती. डोळ्याला न दिसलेली चूक तळव्याला कळली होती. तीस वर्षे उजव्या हाताने केलेले काम डाव्या हातालाही ठाऊक होते. तिने लाकडी ठोकळ्यावर पाणीपेपर गुंडाळला आणि नुसत्या हाताने घासू लागली तशी मामांनी मान हलवली. तिरपे, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, असे त्यांनी हवेत हात फिरवून दाखवले. त्यानंतर सात रविवार ते रोज बसत तसे खाटेवर बसले नाहीत, अंगणात खुर्चीवर बसले. गाडीच्या अंगावर पेन्सिलीचे गोल निघत गेले आणि पुसत गेले. बारा वर्षे ज्या माणसाला घरातल्यांनी फक्त भरवले आणि पुसले, तो माणूस पुन्हा उस्ताद झाला होता. मामेभाऊ भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. गाडी भंगारात गेली असती तर सोळा हजार मिळाले असते, पण हे कोणाच्या हाती लागले असते?

वहीचा हिशेब वाचकांपुढे ठेवतो. टायर व बॅटरी १७,४०० रुपये, ब्रेक व क्लच ८,९००, पत्रा व वेल्डिंग ७,५००, भाड्याच्या कॉम्प्रेसरसह रंग ६,८००, इंजिन, कार्बोरेटर व वायरिंग ६,२००, किरकोळ २,३५०. एकूण ४९,१५० रुपये. वीस महिन्यांत जमा ५०,०००, शिल्लक ८५०. सीटची कव्हरे अजून फाटकीच आहेत. गाडी सुरू झाली, अंगणात मागे-पुढे झाली, पण रस्त्यावर आणलेली नाही. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर काढणे बेकायदा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र ती रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. नव्या नोंदणीसाठी त्या नियमांत २०,००० रुपये शुल्क ठरवले होते. तो मार्ग धरायचा की साधी पुनर्नोंदणी करायची, याचा विचार घरात चालू आहे.

घरी असे काम करू पाहणाऱ्या तरुणांना चार गोष्टी सांगतो. आधी कागद पाहा, मग गाडी. आरसी बुक, मालकाचे नाव आणि थकलेला कर यांची आरटीओत चौकशी केल्याशिवाय एक रुपयाही घालू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, भक्कम लोखंडी घोड्या लावा. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, तिला वेल्डिंगची ठिणगी दाखवू नका. आणि जुन्या ब्रेकची धूळ फुंकू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, ओल्या फडक्याने पुसा. जुना रंग घासतानाही तोंडाला चांगला मास्क हवाच, आणि लहान मुले दूर.

प्रत्येकाने जुनी गाडी जपावी, असे आमचे म्हणणे नाही. कर्ज काढावे लागत असेल तर खुशाल भंगारात द्या. आमचा आग्रह वेगळा आहे. गावकीची लादलेली कामे आपण बाबासाहेबांच्या सांगण्यावरून टाकली, ते योग्यच केले. पण कारखान्यातली विद्या कोणी लादलेली नव्हती, ती आपल्या माणसांनी घाम गाळून मिळवली होती. आपल्या मुलांना तंत्रशिक्षण मिळावे म्हणून बाबासाहेबांनी १९४२ सालीच व्हाइसरॉयकडे मागणी केली होती. ती विद्या मिळवलेली एक पिढी आज खाटेवर आहे. कोणी गिरणीतला साचेवाला, कोणी रेल्वे वर्कशॉपमधला फिटर, कोणी छापखान्यातला खिळे जुळवणारा. त्यांची नावे कोणत्याही मिरवणुकीत कोणी सांगणार नाही.

येत्या रविवारी त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्या हातात पाना द्या, पेन्सिल द्या, कापडाचा तुकडा द्या. काय सांगतात ते वहीत लिहून घ्या. आमच्या मामांच्या गाडीवर शेवटचा रंग चढला, तरी डाव्या मागच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला पोरीने एक पेन्सिलीचा गोल तसाच ठेवला आहे. त्यावर रंग मारायचा नाही, असे तिने बजावले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!