डेलियाच्या लेकी

"काकू, तुम्ही आम्हाला फसवलंत हं!"

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. आमच्या गल्लीतली एक सूनबाई कुंडीच उचलून घेऊन दारात उभी राहिली. कुंडीत डेलियाचं रोप आणि रोपावर एकच फूल. पिवळं, आठ पाकळ्यांचं, मधे मोठा डोळा. लांबून बघितलं तर सूर्यफुलाचं धाकटं भावंडच वाटावं. गेल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर डेलियाच्या बियांची एकेक पुडी दिली होती. पुडीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पचमढी, गडद लाल, भरगच्च'. तिने नवरात्रात घटस्थापनेच्या दिवशी कौतुकाने बी पेरलं, तीन महिने वाट पाहिली आणि निघालं हे!

ती हसत होती, पण मला काही हसू येईना. त्याचं कारण सांगायचं तर आधी 'पचमढी'विषयी सांगायला हवं.

हे काही त्या फुलाचं खरं नाव नव्हे. सासरे एकदा पचमढीला गेले होते, तिथून एक कंद रुमालात बांधून घेऊन आले. सासूबाईंनी तो परसात लावला. फूल आलं ते पिकलेल्या जांभळासारखं गडद, उन्हात धरलं की आतून लाल. नाव कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून घरात सगळे त्याला 'पचमढी'च म्हणू लागले. सासूबाई गेल्या, पण दर पौषात ते फूल देवघरात असायचंच. देडतलाईसारख्या गावात, जिथे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, डोंगरातलं झाड इतकी वर्षं टिकवणं ही त्यांचीच हातोटी. आणि ते गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून गेलं. गणपतीच्या आधी कुंडीतली माती उपसली, तर हाताला पिठल्यासारखा लगदा लागला.

म्हणजे 'पचमढी'चं जगात उरलं असलंच तर त्या पुड्यांमधून. मी स्वतः बारा बिया पेरल्या होत्या. अकरा उगवल्या. कुणी गुलाबी, कुणी शेंदरी, दोन लालसर. पचमढी एकही नाही. सूनबाईच्या कुंडीकडे बघताना माझ्या पोटात कालवलं ते यासाठी.

पण फसवणूक कुणी केली? डेलियाने तर नाहीच. चूक माझी, मी पुडीवर नाव लिहिलं. डेलियाच्या बियांच्या पुडीवर आईचं नाव लिहायचंच नसतं.

बहुतेक झाडांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक बापाकडून. आपल्या बागेतल्या डेलियात आठ संच असतात, एकूण ६४ गुणसूत्रं. पत्त्यांचे आठ जोड एकत्र पिसून हात वाटावा, तसं प्रत्येक बीच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही. त्यातून हे झाड स्वतःच्या परागावर सहसा बी धरत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तो आणणार मधमाशी. आमच्या कुंपणापलीकडे गेल्या वर्षी पिवळे एकेरी डेलिया होते, हे मला आता आठवतं! मेक्सिकोतल्या मूळ रानडेलियाची फुलं एकेरीच, म्हणून बियाण्याची रोपं पुष्कळदा पणजीकडे झुकतात. भरगच्चपणा ही माणसाने निवडून निवडून वाढवलेली गोष्ट.

आपल्याकडे तो आला युरोपातून, आणि युरोपात पोचला तोही बियांच्या रूपानेच. १७८९ मध्ये मेक्सिकोच्या वनस्पती उद्यानातून माद्रिदला बिया पाठवल्या गेल्या. तिथल्या कावानिलेस नावाच्या पाद्री वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या वाढवल्या आणि १७९१ मध्ये आन्द्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्यांना नाव दिलं. डालसाहेब दोन वर्षांपूर्वीच वारले होते. आज हजारोंनी प्रकार आहेत, ते सगळे बियांच्या या पिसापिशीतून निघाले. म्हणजे जो गुण मला नडला, त्याच्यामुळेच पचमढी कधीतरी कुणाच्या वाफ्यात पहिल्यांदा उमललं असणार.

मात्र एकदा आवडलेलं फूल तसंच्या तसं हवं असेल, तर कंद किंवा छाट हाच मार्ग. वेल्समध्ये १९२४ साली 'बिशप ऑफ लॅन्डॅफ' नावाचा डेलिया निघाला, काळपट पानांचा आणि लालभडक फुलाचा. शंभर वर्षं झाली, तो अजून जसाच्या तसा आहे, कारण लोक त्याचे कंद आणि छाट जपत आले. त्याच्या वंशाचं बीही बाजारात मिळतं. पण त्या पुडीवर कंपन्या 'बिशप'चं नाव घालत नाहीत, 'बिशप्स चिल्ड्रन' म्हणजे बिशपची मुलं असं लिहितात. मुलांची पानं काळपट असतात, फुलं मात्र पिवळी, केशरी, गुलाबी, कुठलीही. एवढा प्रामाणिकपणा माझ्या पुडीवर असता, तर सूनबाईचं बोलणं ऐकावं लागलं नसतं.

आता पचमढी गेलं कसं, तेही सांगते. लपवून काय उपयोग?

गेल्या वर्षी जानेवारीत मला पुष्पप्रदर्शनात भाग घ्यायची हौस आली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास मोठं प्रदर्शन भरतं. ती बाग सांभाळणारी ॲग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची. तिथे एकदा ताटाएवढाले डेलिया पाहिले होते, ते डोळ्यांपुढून हलेनात. मी गेले ते आपल्या भागातल्या एका लहानशा प्रदर्शनात, पण तयारी पुण्याची केली. प्रदर्शनाचं फूल वाढवणं म्हणजे एकुलत्या एका मुलाचे लाड करण्यासारखं आहे. चार जोडपानं झाली की शेंडा खुडायचा, तीन-चार फांद्या ठेवायच्या. प्रत्येक शेंड्याला तीन कळ्या येतात, त्यातली मधली ठेवून बाजूच्या दोन हरभऱ्याएवढ्या झाल्या की खुडायच्या. खालच्या पानांच्या बगलेतले फुटवेही काढायचे. झाडाचं सगळं बळ एका फुलात. परदेशी स्पर्धांत दहा इंचांवरचं फूल 'जायंट' गटात जातं. माझं आठ भरलं. पऱ्हाटीच्या काटक्या आधाराला पुरेनात, बांबू लावला. शेणखत होतंच, वर युरियाचं पाणीही दर आठवड्याला दिलं. आणि घरात पचमढीच्या तीन कुंड्या होत्या, तिन्हींना दिलं. इथेच घोडं पेंड खाल्लं.

दुसरा नंबर आला. स्टीलचा डबा मिळाला. तो डबा आता मी फडताळात मागे सारून ठेवलाय.

नत्र जास्त झालं की डेलियाची पानं कोवळी, हिरवीगार होतात, पण कंद पोचट, पाणीदार राहतात. असा कंद साठवणीत टिकत नाही. त्यात आमची काळी माती, पाणी धरून बसणारी. झाड झोपलेलं असताना, म्हणजे वैशाखापासून भाद्रपदापर्यंत, कंदाला पाणी नको असतं. सासूबाई पानं वाळली की खोड वीतभर ठेवून कापायच्या आणि कुंडी पडवीत आडवी करून ठेवायच्या. आडवी का, तर कुणी येता-जाता तांब्याभर पाणी ओतू नये म्हणून. मी कुंड्या उभ्याच ठेवल्या, पागोळ्यांखाली.

बी धरायला तर याच्या अगदी उलट वागावं लागतं. प्रदर्शनाचं भरगच्च फूल मधमाशीला आत शिरूच देत नाही, आणि ते ऐन भरात कापून फुलदाणीत गेल्यावर बी कुठून धरणार? बी धरतात ती हंगाम संपता संपता येणारी, मधला पिवळा डोळा दाखवणारी लहान फुलं. त्यांना खुडायचं नाही, खत द्यायचं नाही, पाकळ्या गळल्या तरी हात लावायचा नाही. दीड-दोन महिन्यांनी बोंड कागदासारखं तपकिरी होतं, आत काळपट, चपटं, लांबट बी. बोंड दाबल्यावर पाणी आलं, तर ते अजून कच्चं समजावं. इंग्लंडात या सुमाराला पाऊस आणि धुकं, बोंडं कुजतात. आपल्याकडे फाल्गुनातली कोरडी हवा त्याला फार मानवते. उन्हाळ्याला शिव्या घालणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. नीट वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड जागी ठेवलं की पुढच्या आश्विनात बहुतेक सगळं उगवतं.

तेव्हा बक्षीस हवं, बी हवं आणि कंदही टिकायला हवा, तर तीन कुंड्यांना तीन तऱ्हेने वाढवावं लागतं. मी तिघींना एकाच हौसेत जुंपलं.

सूनबाईला मी सांगितलं, की या पिवळ्याच्या बुडाशीही आता कंद धरत असेल. बियाण्याचं रोप पहिल्याच वर्षी कंद करतं. ते ठेव, कारण अगदी हेच झाड तुझ्या कुंडीशिवाय कुठेही नाही. तिचा विश्वास बसेना. "म्हणजे याला मी नाव दिलं तरी चालेल?" म्हणाली. दे की! ती कुंडी परत घेऊन गेली, जाताना जरा सांभाळून धरली होती.

रात्री मी परतवाड्याला मोठ्या जाऊबाईंना फोन लावला, रडगाणं सांगायला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, आत्याबाईंनी मला दिला होता ना एक. आहे की विहिरीपाशी." मी चाटच पडले. त्यांनी कधी कळी खुडली नाही, खत घातलं नाही. फुलं येतात लिंबाएवढी, पण दर वर्षी येतात. पावसाळ्यात कुंडी आडवी असते, कारण आत्याबाईंनी तसं बजावलं होतं.

हॉलंडमध्ये १८७२ साली मेक्सिकोहून कंदांची पेटी आली, वाटेत सगळे कुजले आणि एकच जगला, अशी हकीकत सांगतात. त्या एका कंदाला टोकदार, गुंडाळलेल्या पाकळ्यांचं लाल फूल आलं. मेक्सिकोच्या हुआरेझ या अध्यक्षांचं नाव त्याला दिलं. आजचे 'कॅक्टस' डेलिया त्याच्या वंशातले. जाऊबाईंना ही गोष्ट सांगितली तर त्या म्हणाल्या, "ते असू दे. तू कधी येतेस?"

पानं वाळल्यावर, होळी झाल्यावर जाईन. धारणीवरून बस मिळते. कंद फोडताना एक काळजी घ्यायची आहे. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला नसतात. डोळा असतो तो जुन्या खोडाला लागून, मानेपाशी. खोडाचा तुकडा न घेता नुसता गलेलठ्ठ कंद आणला, तर तो वर्षभर मातीत तसाच राहतो, फुटत नाही. जाऊबाईंनी अट घातलीय, की एकच देईन आणि त्याला प्रदर्शनात न्यायचं नाही. मी कबूल केलं.

चैत्रगौरीसाठी पुड्यांचे कागद कापून ठेवलेत. यंदा त्यावर 'डेलिया, मिसळ' एवढंच लिहिलंय.