हक्काचा हिशेब : हाडोळ्याचा आकार किती?



नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातील मुंढवा येथील सुमारे ४० एकर जमिनीच्या व्यवहाराची बातमी सर्व वर्तमानपत्रांत झळकली आणि ‘महार वतन’ हे शब्द पुष्कळ वर्षांनी पहिल्या पानावर आले. व्यवहारामागे कोण, कोणाचा नातलग, मुद्रांक शुल्क किती, यावर रकानेच्या रकाने लिहून झाले. शासनाने चौकशीही नेमली. परंतु ‘महार वतन’ म्हणजे काय, ही जमीन आपल्या वाडवडिलांकडे का होती आणि ती विकायला सरकारची परवानगी का लागते, हे फार थोड्यांनी सांगितले. आपल्या तरुण मुलामुलींना तर वतन म्हणजे पाटील-देशमुखांची मिरासदारी एवढेच ठाऊक. “आमचे आजोबा वतनदार होते” असे कोणी म्हटले तर त्यांना हसू येते. म्हणून या वेळी सदरात वतनाचा हिशेब मांडतो. हिशेब हाच शब्द योग्य आहे. कारण परमपूज्य बाबासाहेबांनीही हा प्रश्न आधी हिशेबानेच मांडला होता.

गावोगावी ‘हाडकी’, ‘हाडोळा’ किंवा ‘महारकी’ या नावाची शेते असतात. ही महारांना गावकामाच्या मोबदल्यात लावून दिलेली जमीन. काम कोणते? सरकारी टपाल तालुक्याला पोचवायचे, वसुलाच्या रकमेबरोबर पहाऱ्याला जायचे, चावडीवर लोकांना बोलावून आणायचे, गावाची हद्द दाखवायची, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला दाणावैरण बघायची, मयताची वर्दी परगावी न्यायची, मेलेले ढोर ओढायचे. यातले कोणते काम सरकारचे आणि कोणते गावकऱ्यांचे, याची वाटणी कुठेच लिहिलेली नव्हती. कामाला वेळ नव्हता, सुट्टी नव्हती. घरचा कर्ता माणूस बाहेरगावी गेलेला असला तर त्याच्या म्हाताऱ्या बापाला नाहीतर पोराला उभे करीत. म्हणजे नोकर एक नसून सगळे घरच नोकर.

आता पगार पाहू. इंग्रज सरकारने १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमिनीची मोजणी, प्रतवारी आणि आकारणीची नवी पद्धत बसवली. मातीचा मगदूर आण्यांत ठरवायचा, त्यावरून दर आणि दरावरून प्रत्येक सर्व्हे नंबरचा ‘आकार’, म्हणजे सरकारला द्यायचा वार्षिक सारा. वतनी जमिनीचाही आकार ठरे. पण वतनदाराकडून तो पुरा घेत नसत. त्याचा काही भागच घेत, त्याला ‘जुडी’ म्हणत. पूर्ण आकारातून जुडी वजा केली की जी रक्कम राही तिला महसुली दप्तरात एक नाव होते. ते नाव ‘नुकसान’! सरकारचे नुकसान. समजा एका हाडोळ्याचा पूर्ण आकार ४ रुपये आणि जुडी १ रुपया. उरलेले ३ रुपये नुकसानीच्या रकान्यात जात. वर्षभर पळणाऱ्या माणसाचा सरकारी तिजोरीतून पडणारा वार्षिक खर्च तो एवढा. बाकीचे बलुत्यावर, म्हणजे गावकऱ्याच्या मर्जीवर. मी आयुष्यभर खतावण्या लिहिल्या, पण मजुराची मजुरी मालकाच्या वहीत ‘नुकसान’ म्हणून लिहिण्याची रीत मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

या सगळ्याला आधार होता १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याचा, ज्याला वतन कायदा म्हणतात. बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात गेले आणि १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्याआधी ‘बहिष्कृत भारत’मधून त्यांनी वतनाचा प्रश्न लोकांपुढे मांडलाच होता. विधेयकातील मागणी आज वाचली तर किती साधी वाटते! ज्या महाराला हे काम नको असेल त्याला ते सोडता यावे. काम सोडले म्हणून जमीन मात्र काढून घेऊ नये, त्याने इतर रयतेप्रमाणे पूर्ण आकार भरून ती कसावी. वतनदाराची कामे कोणती ते नक्की करावे. आणि बलुत्याऐवजी रोख पट्टी सरकारनेच साऱ्याबरोबर वसूल करून द्यावी, म्हणजे पोटासाठी दारोदार जाणे बंद होईल.

पूर्ण आकार भरतो, पण मला मोकळा करा. यात कोणाचे काय जात होते? सरकारचा तर सारा वाढणार होता. पण तीन रुपयांत मिळणारा चोवीस तासांचा नोकर गेला असता, आणि त्याच्या जागी पगारी शिपाई ठेवावा लागला असता. विधेयक निवड समितीकडे गेले, विरोध झाला, आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. १९३७ मध्ये नव्या विधिमंडळात त्यांनी हा प्रश्न पुन्हा आणला. हेही सांगितले पाहिजे की आपल्यातलेही काही लोक विरोधात होते. वतन गेले तर गावातले उरलेसुरले स्थानही जाईल, अशी त्यांना भीती होती. भाकरीचा तुकडा आणि वतनाची काठी यांचा मोह सुटणे सोपे नव्हते. त्या पिढीला आज नावे ठेवण्याचे कारण नाही. हातात दुसरे काही नसताना माणूस असेल ते धरून ठेवतो.

पुढे सरकारने जुडीच वाढवायला घेतली. काम तेवढेच आणि पगारात कपात! त्याविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नरलाही परिषद झाली. जुडी, आकार हे शब्द आपल्या अशिक्षित आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होते ते यामुळे. आपण पदव्या घेतल्या आणि ते शब्द विसरलो.

वतने अखेर गेली, पण तीही उतरंडीनेच. परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करणारा कायदा १९५० चा, पाटलांच्या हुद्द्याचा १९६२ चा आणि मधे आपला, मुंबई कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा १९५८ चा कायदा. ‘कनिष्ठ’ हा शब्द कायद्याच्या नावातच आहे. तो १ फेब्रुवारी १९५९ पासून अमलात आला. बाबासाहेब तोवर आपल्यात नव्हते. (हा कायदा जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांचा. मराठवाडा आणि विदर्भातील इनाम-वतनांचे कायदे निराळे होते. तेथील वाचकांनी पुढील कलमे जशीच्या तशी आपल्या गावाला लावू नयेत.)

या कायद्याने दोन गोष्टी एकदम झाल्या. कलम ४ प्रमाणे वतन आणि त्याची सेवा संपली आणि जमीन सरकारजमा झाली. मग कलम ५ प्रमाणे तीच जमीन मूळ वतनदाराला पुन्हा द्यायची, याला ‘फेरवाटप’ किंवा ‘रीग्रँट’ म्हणतात. किंमत? पूर्ण आकाराच्या तिप्पट. वरच्या उदाहरणातील ४ रुपयांच्या हाडोळ्याला १२ रुपये. आज चहाच्या टपरीवर याहून जास्त खर्च होतो. पण १९५९ साल डोळ्यांपुढे आणा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी गावोगावी ढोरे ओढण्याचे आणि गावकीचे काम टाकले होते. त्यावर गावकऱ्यांचे बहिष्कार चालू होते. कर्ते पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेत. मुदतीत रक्कम भरा ही सूचना लागायची ती चावडीवर, आणि वाचून दाखवायचे ते तलाठ्याने. कोणाच्या कानावर गेली, कोणाच्या गेली नाही. ज्यांनी बारा-पंधरा रुपये भरून पावती घेतली त्यांची नावे भोगवटादार म्हणून लागली. ज्यांनी भरले नाहीत त्यांची जमीन कागदावर सरकारचीच राहिली, मग ती प्रत्यक्षात कोणी का कसत असेना.

जमीन परत मिळाली तीही मोकळी नाही. कलम ५ (३) सांगते की जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि शासन ठरवील ती रक्कम भरल्याशिवाय ही जमीन विकता येणार नाही, की हद्दी पाडून वाटून घेता येणार नाही. म्हणून सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. ही अट जाचक आहे अशी तक्रार मी नेहमी ऐकतो आणि तिच्यात तथ्य आहे. बँक कर्ज देताना कुरकुरते, भाऊहिश्श्याने वाटप होत नाही. तरीही माझे मत असे की ही अट नसती तर आज बहुतेक गावांत हाडोळा केवळ नावालाच उरला असता. परवानगी मागावी लागते म्हणून फाईल निघते, आणि फाईल निघते म्हणून कधीतरी चोरी सापडते.

दुसरी गोष्ट कुळांची. बैल नाही, बियाणे नाही म्हणून आपल्या पुष्कळ लोकांनी हाडोळा गावातल्या मोठ्या शेतकऱ्याला खंडाने किंवा वाट्याने लावला होता. कलम ८ प्रमाणे कायदेशीर खंडाने दिलेल्या वतनी जमिनीला कुळकायदा लागू झाला. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आम्हालाही मान्यच आहे. परंतु येथे कसणारा कुणबी सधन आणि ‘जमीनदार’ म्हणून नोंदलेला महार दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला, असा उलटा प्रकार झाला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचा जमीनमालक वेगळा होता. आणि ज्यांनी खंडाचा कागदही न करता वतनी जमीन नुसती बळकावली, त्यांना कलम ९ प्रमाणे काढून लावण्याची तरतूद होती. पण त्यालाही पुस्ती जोडलेली : जमिनीवर खर्च केलेला असेल आणि काढल्याने फार हाल होणार असतील तर सूट. हाल कोणाचे, हे ठरवताना मूळ वतनदाराचे कोणी विचारले?

आता आपल्या घरचे पाहू. प्रथम सातबारा आणि आठ-अ घ्या. सातबाऱ्यावर आजही ‘जुडी किंवा विशेष आकारणी’ असा रकाना असतो तो बघा आणि भोगवट्याचा वर्ग बघा. ‘इतर हक्क’ या रकान्यातील बारीक अक्षरे आधी वाचा. तेथे फेरफारांचे क्रमांक असतील. त्यांच्या नकला मागत मागत १९५९ पर्यंत मागे जा. तलाठ्याकडील गाव नमुना १-क मध्ये वर्ग २ च्या जमिनींची नोंद असते. जुन्या गाव नमुना ३ मध्ये दुमाला, म्हणजे इनाम-वतनाच्या जमिनींची असे. आकारबंद भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. “जुने दप्तर फाटले” हे तोंडी उत्तर घेऊ नका. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, अर्ज लेखी करा आणि उत्तरही लेखीच घ्या. घरातल्या पत्र्याच्या पेटीत तिप्पट आकार भरल्याची पावती सापडली तर तिची झेरॉक्स काढून मूळ पावती जपून ठेवा.

काहीजण विचारतात, आपण बौद्ध झालो आणि उताऱ्यावर ‘महार वतन’ लिहिले आहे, मग आपला हक्क राहतो का? राहतो. कायद्याने वतनदार पाहिला आहे, त्याचा धर्म नाही. तो शब्द डोळ्यांना खुपतो हे खरे, पण रागाच्या भरात तो काढून टाकण्याचा अर्ज करू नका. जमीन कशी आली याचा पुरावाच तो आहे.

माता-भगिनींना एक वेगळी विनंती. वारस नोंद करताना बहिणींची नावे गाळण्याची पद्धत आपल्याकडेही आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. मुलगी सासरी गेली म्हणून बापाची वारस राहत नाही, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, आणि २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाबरोबरीने स्थान दिले. ‘हक्कसोडपत्रावर नुसती सही कर, ताई’ असे भाऊ म्हणाला तरी कागद घरी आणून वाचून मगच काय ते ठरवा. रक्षाबंधन-भाऊबीज आपण सोडली असली तरी भावाचा शब्द मोडवत नाही, हे मी जाणतो.

वतनी जमीन एक आणि वारस पन्नास-साठ, निम्मे मुंबई-पुण्यात, काहींचे पत्तेही कोणाला ठाऊक नाहीत, अशी बहुतेक ठिकाणी स्थिती आहे. दलाल नेमका येथेच शिरतो. दहा-वीस हजार रुपये हातावर ठेवतो आणि ‘केसच्या कामाला’ म्हणून कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतो. त्या कागदात विक्रीचा अधिकार दिला आहे की काय, ते प्रत्येक ओळ वाचून पाहावे. वाचता येत नसेल तर समाजातील शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे. दिलेले कुलमुखत्यारपत्र रद्द करायचे असेल तर वकिलाच्या सल्ल्याने रद्दपत्र करून त्या माणसाला नोटीस द्यावी आणि तलाठी, तहसीलदार व दुय्यम निबंधक यांच्याकडेही लेखी कळवून पोच घ्यावी.

नवीन फेरफार धरला की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधी व्यक्तींना नोटीस द्यावी लागते. हरकत असेल तर ती लेखी नोंदवा, म्हणजे प्रकरण विवादग्रस्त म्हणून चालते. नोंद मंजूर झालीच तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील आहे, त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून ६० दिवस. नकला मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेसाठी अर्ज केल्याची आणि नक्कल मिळाल्याची, अशा दोन्ही तारखा नकलेवर घालून घ्याव्यात.