बुद्धिबळाचा यंत्रगुरु

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही शिक्रापूरास आमच्या थोरल्या बंधूंकडे चार दिवस राहिलों होतों. पुणें-अहिल्यानगर रस्त्यावरील मालमोटारींचा आवाज अंगणापर्यंत येतो. माजघरांत मात्र या खेपेस एका वेगळ्याच गोष्टीची काळजी होती. बंधूंचा ११ वर्षांचा चिरंजीव वर्षभर मोबाईलवर बुद्धिबळाचीं कोडीं सोडवीत होता. यंत्रानें त्याला भरघोस गुणांकही दिला होता. परंतु पुण्यास एका शालेय स्पर्धेंत तो पहिले तीनही डाव हरला, आणि "मला बुद्धिबळ येतच नाहीं" म्हणून त्यानें पट माळ्यावर टाकून दिला. पैसे भरून याहून चांगली प्रणाली घ्यावी काय, असें वहिनींनीं आम्हांस विचारिलें.

उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं पट खालीं काढविला. बापलेकांचा डाव सुरू झाला. थोड्याच वेळांत मुलानें झडप घालून उंट मारला, आणि पुढच्याच खेळीस वजीर गमाविला.

"अरे, मी काय खेळेन याचा विचार केलास का?" बंधूंनीं विचारिलें.

"मोबाईलवर ती खेळी आपोआपच होते ना, बाबा!"

सारें निदान या एका वाक्यांत आलें. कोडें समोर येतें तेंच मुळीं "येथें जिंकणारी खेळी आहे" असें सांगत. प्रत्यक्ष डावांत ही सूचना कोणी देत नाहीं. कोडें चुकलें तर पुन्हां प्रयत्न करितां येतो. स्पर्धेंत हात लाविलेलें मोहरें खेळावेंच लागतें. म्हणून प्रणाली निवडतांना तींत कोडीं किती आहेत हें पाहूं नये. ती मुलाला हात आवरावयास शिकविते कीं नाहीं, हें पाहावें.

पैशाची अडचण आतां फारशी उरलेली नाहीं. देणग्यांवर चालणाऱ्या लिचेसनें खऱ्या डावांतून निवडलेलीं ४० लाखांहून अधिक कोडीं विनामूल्य आणि जाहिरातींविना खुलीं ठेविलीं आहेत. तेथील 'पझल स्टॉर्म' तीन मिनिटांच्या घाईचा खेळ आहे. 'पझल स्ट्रीक'मध्यें घड्याळ नाहीं, कोडीं क्रमानें कठीण होत जातात, आणि एक चूक झाली कीं मालिका संपते. उतावळ्या मुलास हा दुसराच प्रकार द्यावा. 'दुहेरी मारा' अशा मथळ्यांखालील कोडीं आरंभीं उपयोगीं पडतात. पुढें मात्र मथळ्यावांचून मिश्र कोडींच घ्यावीं. चेस डॉट कॉमवर विनामूल्य कोड्यांस रोजची मर्यादा आहे. अशा मुलास ती मर्यादा हितकारकच म्हणावयाची. सीटी-आर्ट ही जुनी रशियन प्रणाली विकत घ्यावी लागते. परंतु खेळी चुकल्यास तीच कल्पना ती पांच-पांच घरांच्या लहान पटावर मांडून दाखविते. आपण कोठें चुकलों हें ज्याला उमगत नाहीं, त्याच्यासाठीं हा खर्च वायां जाणार नाहीं.

तरीही यंत्र हें अर्धेंच गुरुकुल होय. १९७४ सालीं भारतांतील पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनीं जिंकली. पुढें त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी यांनींही तें विजेतेपद मिळविलें. त्या घरांत असें यंत्र नव्हतें. तोडीच्या प्रतिस्पर्धी मात्र घरांतच होत्या. यंत्रयुगांत वाढलेल्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीं जुलै २०२५ मध्यें बातुमी येथें महिला विश्वचषक जिंकला, तोही समोर बसलेल्या कोनेरू हंपी यांना पटावर हरवूनच.

म्हणून आम्हीं वहिनींस कांहींच विकत घ्यावयास सांगितलें नाहीं; एक नियम तेवढा घालून दिला. रोज दहाच कोडीं, आणि मोबाईल मातोश्रींच्या मांडीवर. चिरंजीवानें व त्याच्या धाकट्या बहिणीनें पाळीपाळीनें आपली खेळी, समोरच्याचें उत्तम उत्तर आणि त्यावरील आपली खेळी तोंडानें सांगावी. मगच बोट लावावें. मातोश्रींना बुद्धिबळ येत नाहीं, परंतु घाई तत्काळ ओळखतां येते.

संक्रांतीस पुन्हां गेलों, तेव्हां चिरंजीवाचा गुणांक थोडा उतरला होता, आणि पट माजघरांत आला होता. वडिलांशीं त्याचा डाव दिवेलागणीपर्यंत रंगला. शेवटीं तो हरला खरा. पण पट न आवरितां त्यानें मोहरीं पुन्हां मांडावयास घेतलीं.